‘शीळ’ : मुद्रिका, ग्रंथ आणि पुनर्मुद्रण

मराठी कवितेच्या अभ्यासात एखाद्या कवितेची ‘पहिली आवृत्ती’ कोणती, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. हस्तलिखित, नियतकालिकातील प्रसिद्धी आणि मग संग्रह हा क्रम गृहीत धरलेला असतो; संग्रहातील पाठ अखेरचा व अधिकृत मानून समीक्षा पुढे जाते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करीत आयुष्य काढलेल्या ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांच्या ‘शीळ’ या कवितेच्या बाबतीत हा क्रम उपयोगी पडत नाही. जी. एन. जोशी यांनी स्वतः चाल लावून गायिलेली या कवितेची ध्वनिमुद्रिका हिज मास्टर्स व्हॉइस या कंपनीने १९३०नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत काढली. ‘शीळ’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. मधल्या वीसएक वर्षांत ही कविता महाराष्ट्राला ठाऊक होती, तोंडपाठ होती, आणि ती ठाऊक असण्याचे मुख्य साधन कागद नव्हते, लाखेची काळी तबकडी होती. ध्वनिमुद्रिका ही कवितेची ‘आवृत्ती’ आहे असे मान्य केले, तर १९५४चा ग्रंथ हे तिचे पुनर्मुद्रण ठरते. आणि नंतरच्या काळात दीर्घमुद्रिका, ध्वनिफीत, सीडी व संगणकीय प्रत अशा रूपांनी जुन्या मुद्रिकांचे जे पुनर्जन्म झाले, ती याच परंपरेतील पुढची मुद्रणे ठरतात. या सर्व मुद्रणांचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी संगीताच्या रसिकांवर सोपवून साहित्यसमीक्षेने हात झटकले आहेत. ते तिला परवडलेले नाही, हे ना. घं.च्या कवितेच्या वाट्याला आलेल्या समीक्षेवरूनच दिसते.

प्रथम ग्रंथाकडे पाहणे सोयीचे. १९५४ हे साल या कवितेला प्रतिकूल होते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७मध्ये येऊन गेल्या होत्या, नवकाव्याचा वाद पेटून त्याची राखही काही ठिकाणी थंड होत आली होती, आणि कवितेने महानगर, यंत्र, एकाकीपण यांना सामोरे जावे ही अपेक्षा समीक्षेच्या अंगवळणी पडू लागली होती. अशा वेळी रान, नदीकाठ, प्रियकराची वाट पाहणारी स्त्री, लावणीतली संबोधने घेऊन आलेला संग्रह जन्मतःच जुना वाटला असल्यास नवल नाही. परंतु हे जुनेपण संग्रहाचे होते, कवितेचे नव्हे. ‘शीळ’ लिहिली व गायिली गेली त्या काळी तिच्या आसपास रविकिरण मंडळाची कविता होती. १९२३मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या यशवंत, गिरीश आदी कवींनी काव्यगायनाचे कार्यक्रम लोकप्रिय केले होते, गिरीशांच्या ‘आंबराई’सारख्या खंडकाव्याने ग्रामजीवन कवितेत आणले होते, आणि जानपदगीत नावाचा प्रकार बाळसे धरू लागला होता. त्या संदर्भात ‘शीळ’ ही मागे पाहणारी कविता नाही. गावाविषयी सहानुभूतीने बोलणाऱ्या शहरी कवितेच्या शेजारी, गावातल्या स्त्रीला स्वतःच्या सुखदुःखाविषयी बोलू देणारी ती कविता आहे. जानपदगीतांतील पुष्कळशा नायिका कवीच्या कळवळ्याच्या विषय असतात. ‘शीळ’मधली बाई प्रियकराला दटावते. हा फरक लहान नाही. मात्र कवितेचे वय संग्रहाच्या सालावरून मोजण्याच्या सवयीमुळे तो नजरेआड झाला आणि ना. घ. हे ‘नवकाव्याच्या काळातही जुने गात राहिलेले प्रेमकवी’ अशी एक आळशी नोंद रूढ झाली. ‘खूणगाठी’ला १९८६ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाल्यानंतरही ही नोंद फारशी बदलली नाही.

तुलनेसाठी एक जवळचे उदाहरण घेता येते. बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातील बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली, म्हणजे ‘शीळ’ संग्रहाच्या केवळ दोन वर्षे आधी, ग्रंथरूपाने आली. तेथेही कंठ आधी आणि कागद नंतर. पण बहिणाबाईंचा स्वतःचा गाता गळा मुद्रित झालेला नसल्यामुळे ग्रंथ हाच त्या गाण्यांचा एकमेव साक्षीदार राहिला, आणि समीक्षेने तो आनंदाने स्वीकारला. अनुपस्थित आवाज समीक्षेला सोयीचा असतो. त्याच्याविषयी हवे ते म्हणता येते. ‘शीळ’च्या बाबतीत आवाज उपस्थित आहे, तो कवीचा नाही, आणि तो कवितेच्या पाठाशी सतत काही करीत असतो. ही अडचण टाळण्यासाठी समीक्षेने दोन भाग पाडले : कविता साहित्याकडे आणि गाणे करमणुकीकडे. त्यातून ‘गेयता’ हा शब्द ना. घं.च्या बाबतीत प्रशंसेच्या सुरात उच्चारला जाऊनही प्रत्यक्षात वजावटीसारखा वापरला गेला. कविता गेय आहे, म्हणजे तिच्यात विचाराला फारशी जागा नसणार, असा तो अर्थ.

वस्तुतः कवितेतील लोकतत्त्व नेमके कोठे आहे हे पाहू गेल्यास गेयतेचा प्रश्न आशयापासून वेगळा काढता येत नाही. ‘शीळ’ ही वऱ्हाडी बोलीतील कविता नव्हे. तिची भाषा प्रमाण मराठीच्या जवळची आहे. ती लोकगीताकडे वाकते ती मुख्यत्वे संबोधनांमुळे. ‘बाई’ हे मैत्रिणीला, किंवा मनाशीच, उद्देशून केलेले संबोधन ओवीच्या आणि जात्याच्या परिसरातले. ‘राया’ हे प्रियकराचे संबोधन लावणीच्या फडातले. एकाच स्त्रीच्या तोंडी ही दोन्ही संबोधने येतात तेव्हा दोन वेगळ्या श्रोत्यांची, दोन वेगळ्या प्रसंगांची, आणि खरे तर दोन वेगळ्या प्रतिष्ठांची सरमिसळ होते. ओवी घरातली, लावणी घराबाहेरची. ओवी म्हणणारी स्त्री कुलवंत, लावणी म्हणणारी कलावंत, हा समाजाने आखलेला भेद कवितेत बिनबोभाट ओलांडला जातो, आणि तो ओलांडला जाण्याचे निमित्त होते ते रानातून येणारी शीळ, म्हणजे ज्याला शब्द नाहीत असा एक ध्वनी. शीळ घालणारा कवितेत बोलत नाही. त्याचे सारे बोलणे शिळेत आहे आणि तिचा अर्थ लावण्याची जोखीम ऐकणाऱ्या स्त्रीवर आहे. आता हे सर्व ध्रुवपदाच्या पुनरावृत्तीतून घडते. प्रत्येक कडव्यानंतर शीळ परत येते, आणि दर वेळी ती ऐकणारी स्त्री थोडी बदललेली असते. पुनरावृत्ती काढून टाकली तर उरतो तो आशय एका वाक्यात सांगता येईल इतका किरकोळ आहे. तेव्हा गेयता येथे आशयाचे वाहन नसून घाटाचा कणा आहे.

लोकगीताच्या संबोधनांचा हा वापर अस्सल लोकगीत मिळवून आणण्याचा दावा करीत नाही, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. चाल जोशींची आहे, ती मेहकरच्या परिसरातून टिपून घेतलेली नाही. कवी वकील, गायकही वकिलीचे शिक्षण घेतलेला. दोघेही सुशिक्षित मध्यमवर्गातले. त्यांनी लोकगीत शोधले नाही, रचले. साठोत्तरी इंग्लंडमधील लोक-रॉकच्या चळवळीशी या बाबतीत एक उद्बोधक साम्य आढळते. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या वाद्यवृंदाची ‘लीज अँड लीफ’ ही १९६९ची दीर्घमुद्रिका इंग्रजी लोक-रॉकचा मानदंड समजली जाते. ‘टॅम लिन’सारखी जुनी गाथागीते विद्युत गिटार, व्हायोलिन आणि ड्रम यांच्या साथीने तीत गायिलेली आहेत, ॲशली हचिंग्ज या सदस्याने त्यासाठी लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधील संग्रह धुंडाळला होता. पण मुद्रिकेचा शेवट ज्या गीताने होतो ते ‘क्रेझी मॅन मायकल’ परंपरेतले नाहीच. ते रिचर्ड थॉम्पसन व डेव्ह स्वॉरब्रिक यांनी नव्याने रचलेले आहे, आणि ऐकणाऱ्याला जुन्या गाथागीतांच्या रांगेत ते कोठेही उपरे वाटत नाही. ‘शीळ’चे स्थान या शेवटच्या गीतासारखे आहे. लोकपरंपरेचे व्याकरण आत्मसात करून त्यातून नवे वाक्य बनवणे, ही ती कृती. देशीयतेची चर्चा आपल्याकडे नेमाड्यांच्या मांडणीनंतर पुष्कळ झाली, पण ती कादंबरीभोवतीच अधिक फिरली. मायक्रोफोन आणि लाखेची तबकडी या पूर्णतः आयात साधनांतून देशीयतेचा एखादा प्रकार घडू शकतो काय, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही.

मायक्रोफोनचा उल्लेख येथे केवळ तपशील म्हणून केलेला नाही. भारतात विद्युत पद्धतीचे ध्वनिमुद्रण १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून, आवाज फेकून गावे लागे. नाट्यसंगीताच्या गायकाला ते जमत असे, कारण थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची त्याची सवय तीच मागणी करणारी होती. मायक्रोफोनने ही मागणी रद्द केली. आता हळू बोलल्यासारखे गाता येऊ लागले, शब्दाच्या शेवटचा श्वास ऐकू येऊ लागला. भावगीत हा प्रकार मराठीत याच सुमारास उभा राहतो, हा योगायोग नव्हे. नाट्यगीतात पात्र प्रेक्षकांसमोर गाते. भावगीतात एक आवाज एका कानाशी बोलतो. ‘शीळ’ची मुद्रिका भावगीताच्या आरंभीच्या टप्प्यावरची म्हणून गणली जाते ती केवळ कालक्रमामुळे नाही. एकान्तात बोलणारी निवेदिका आणि एकान्त निर्माण करणारे यंत्र यांची तेथे गाठ पडली.

या निवेदिकेचा आवाज पुरुषाचा आहे. कवी पुरुष, गायक पुरुष, बोलणारी स्त्री. आज ऐकणाऱ्याला यात काही खटकण्याजोगे वाटत नाही; त्या काळच्या श्रोत्यालाही वाटले नसावे, कारण बालगंधर्वांच्या रंगभूमीने त्याचा कान तयार केला होता. तरीही भेद आहे. रंगभूमीवर पुरुष स्त्रीचे शरीर धारण करतो. लुगडे, दागिने, चालणे, लाजणे यांची सबंध यंत्रणा आवाजाच्या पाठीशी उभी असते. लावणीच्या फडात याच्या उलट, पुरुष शाहिराचे शब्द स्त्री आपल्या शरीरासह म्हणते. तबकडीवर शरीरच नाही. पुरुषाचा आवाज स्त्रीचे सोंग न घेता स्त्रीचे शब्द उच्चारतो, आणि श्रोता ते स्त्रीचे म्हणून ऐकतो. लेखनात जे ‘निवेदिका’ या संज्ञेने साधते, ते येथे आवाजाच्या अशरीर असण्याने साधले आहे. मुद्रिका छापील पानाच्या जवळ येते ती नेमकी या ठिकाणी. म्हणूनच तिला ‘सादरीकरण’ म्हणून बाजूला सारणे चुकीचे आहे. सादरीकरण एकदा होते आणि संपते. मुद्रिका पानासारखी स्थिर असते आणि वाचकासारखा श्रोता तिच्याकडे परत परत येतो. वॉल्टर बेंजामिन याने १९३६च्या आपल्या निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे मूळ कलाकृतीभोवतीचे वलय लोपते असे म्हटले. ‘शीळ’च्या बाबतीत ते वलय लोपण्यासाठी मूळ कृती आधी तेथे असायला हवी. येथे मूळ तेच पुनरुत्पादन आहे.

स्थिरतेची किंमत मात्र मोजावी लागली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर सव्वातीन मिनिटे मावत. ध्रुवपदाला बारा-पंधरा सेकंद लागतात आणि ते चार-पाच वेळा येते असे धरले, तरी मिनिटभर त्यातच जाते. वाद्यांचा आरंभ व मधले तुकडे वजा जाता कडव्यांसाठी दीड मिनिटाच्या आसपास उरते. छापील कवितेला ही मर्यादा नसते. कवितेचा कोणता भाग ऐकू येईल, हे अशा वेळी घड्याळ ठरवते. पण याचा दुसरा भागही पाहिला पाहिजे. मर्यादेमुळे ध्रुवपद आणि कडवे यांचे प्रमाण बदलते. छापील पानावर कडव्यांच्या तुलनेत लहान दिसणारे ध्रुवपद तबकडीवर गीताचा जवळजवळ निम्मा अवकाश व्यापते. वाचताना कविता स्त्रीच्या मनाची वाटते, ऐकताना शिळेची. हे दोन पाठ आहेत आणि त्यांतील कोणताही दुसऱ्याची अशुद्ध प्रत नाही. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे एका मूळ संहितेच्या दोन शाखा नाहीत; दोन माध्यमांतील दोन संहिता आहेत, ज्यांपैकी वाचकाच्या स्मृतीत आधीची नंतरचीवर सतत अंमल गाजवते. चाल ठाऊक असलेल्या वाचकाला १९५४चे ते पान मुकाट्याने वाचता येत नाही.

आता पुनर्मुद्रणांकडे वळता येईल. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या मुद्रिका पुढे दीर्घमुद्रिकांवर, मग ध्वनिफितींवर, सीडींवर आणि आता भ्रमणध्वनीवर ऐकता येणाऱ्या प्रतींत उतरल्या. हे उतरवणे नकलनविसाच्या कामासारखे आहे, आणि नकलनविसाप्रमाणेच येथेही गाळणे, बदलणे, ‘सुधारणे’ हे दोष संभवतात. वेगाचे उदाहरण साधे आहे. त्या काळच्या सर्व मुद्रिका काटेकोरपणे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. ऐंशी फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरवर वाजवली तर स्वर जवळजवळ पाव स्वराने उतरतो आणि लयही मंदावते. दोष कानाला चटकन जाणवत नाही. पण लय मंदावली की दटावणे विनवणीसारखे वाटू लागते, आणि ‘शीळ’मध्ये तर सगळा प्रश्न दटावण्याचा आहे.

त्याहून गंभीर प्रश्न खरखरीचा. लाखेच्या तबकडीचा पृष्ठभाग खरखरतो. ही खरखर कानाला सर्वाधिक बोचते ती वरच्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यात. ती काढण्याचा सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत रूढ उपाय म्हणजे तो वरचा पट्टाच कापून टाकणे. परंतु ‘श’ आणि ‘स’ या वर्णांची ओळख पटवणारी ऊर्जाही प्रामुख्याने अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर असते, आणि त्या काळच्या विद्युत मुद्रणाची धाव मुळातच पाच-सहा हजारांच्या आसपास संपत असे. म्हणजे खरखर आणि ऊष्म वर्ण एकाच अरुंद पट्टीत दाटीवाटीने राहतात. एकाला हाकलले की दुसरा जखमी होतो. ज्या गीताच्या नावातच ‘श’ आहे, ज्याच्या ध्रुवपदात तो पुन्हा पुन्हा येतो, त्याच्यावर हा उपाय केला तर काय होईल हे सांगायला नको. ‘ळ’ खालच्या पट्टीतला, तो शाबूत राहतो. ‘श’ बोथट होतो आणि शब्दाची धारच जाते. शीळ ही ओठांतून सुटणाऱ्या हवेची असते. मराठीने तिला जो शब्द दिला तोही हवेच्या घर्षणाने सुरू होतो. ती हवा स्वच्छतेच्या नावाखाली काढून घेणे, हा पाठभेद आहे. एखाद्या संपादकाने छापील कवितेतील एक वर्ण बदलला असता तर विद्यापीठांतून शोधनिबंध लिहिले गेले असते.

उलट बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. खरखर म्हणजेच जुनेपण, आणि जुनेपण म्हणजेच अस्सलपण, असे मानणारा एक रसिकवर्ग आहे. त्याला प्रत्येक संस्कार भ्रष्टाचार वाटतो. ही भूमिका भावुक आहे. तबकडी पहिल्यांदा वाजली तेव्हा ती नवी होती. आज ऐकू येणारी खरखर बहुतांशी नंतरच्या सुयांनी आणि वापराने केलेली झीज आहे, कवी-गायकांचे ते मनोगत नव्हे. वाळवीने खाल्लेल्या पोथीतील भोके कोणी पाठ म्हणून छापत नाही. पोथीतील भोक पाठ नव्हे हे जसे खरे, तसे भोक बुजवताना शेजारचे अक्षर पुसले जाऊ नये हेही खरे. चांगला संस्कार या दोहोंच्या मधून वाट काढतो : झिजलेल्या प्रतींऐवजी शक्य तितकी कोरी प्रत शोधणे, खोबणीच्या न झिजलेल्या भागावर बसेल अशी सुई निवडणे, आणि मग उरेल ती खरखर बऱ्याच अंशी तशीच राहू देणे. यातील पहिल्या दोन गोष्टी ग्रंथसंपादकाच्या परिचयाच्या आहेत. तिसरीला धैर्य लागते.

संकलनांचा प्रश्न निराळा. जुनी भावगीते पुनर्मुद्रित करताना दहा-वीस गीते एकत्र बांधण्याची रीत आहे. मुद्रणाचे साल, तबकडीचा क्रमांक, कोणत्या प्रतीवरून उतरवले, मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय होते, यांपैकी काही दिले जाईलच अशी खात्री नसते. तीन दशकांतली गीते एका माळेत येतात आणि ‘सुवर्णकाळ’ नावाचा एक काळहीन प्रदेश तयार होतो. १९५४च्या संग्रहाने ‘शीळ’ला दोन दशके पुढे ढकलले होते, संकलनांनी तिला कालबाह्य केले, या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

दीर्घमुद्रिकेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा असतो, आणि त्याचे उदाहरण जोशींच्याच कारकिर्दीत सापडते. गायक म्हणून नाव मिळवलेले जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. शिवकुमार शर्मा (संतूर), ब्रिजभूषण काब्रा (गिटार) आणि हरिप्रसाद चौरसिया (बासरी) यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची दीर्घमुद्रिका त्यांच्या निर्मितीखाली झाली. तबल्याची साथ माणिकराव पोपटकरांची. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिर भैरव-नट भैरवापासून पिलू, भूप, देस अशा रागांतून रात्रीच्या पहाडीपर्यंत, असे तिचे कथासूत्र आहे. सव्वातीन मिनिटांच्या मर्यादेत वाढलेल्या माणसाच्या हाती आता एका बाजूला वीसएक मिनिटे होती, आणि त्याने ती आलापासाठी खर्च न करता कथनासाठी वापरली. मैफलीतला कालक्रम घड्याळाशी बांधलेला असतो. सकाळचा राग सकाळीच. येथे तबकडीने स्वतःचा दिवस निर्माण केला. पाश्चात्त्य लोक-रॉकच्या श्रोत्यांना ती आपलीशी वाटली याचे कारण भारतीय संगीताची त्यांची जाण एकाएकी वाढली हे नसून, सलग कथासूत्राची दीर्घमुद्रिका हा घाट त्याच वर्षांत त्यांच्याकडेही रुजत होता, हे असावे. ‘शीळ’शी तिचे नाते सांगताना अतिशयोक्ती करू नये; पण दोन्हींत गोपजीवन शहरातल्या स्टुडिओत रचलेले आहे आणि दोन्हींत दूरवरून येणाऱ्या, शब्द नसलेल्या सुराला मध्यवर्ती स्थान आहे. १९६७मध्ये शब्द पूर्णपणे गळून गेले आहेत, एवढाच पुढचा टप्पा.

या मुद्रिकेची १९९५ची सीडी-आवृत्ती तीन जादा रचना घेऊन आली. ग्राहकाला अधिक मिळाले हे खरे. मेंढपाळाचा दिवस मात्र पहाडीवर संपत असताना त्यानंतर आणखी काही वाजत राहते, आणि दिवस या कल्पनेचाच भंग होतो. १९६७च्या तबकडीत पहाडीनंतर सुई उचलली जाई. ती शांतता रचनेचा भाग होती. ‘लीज अँड लीफ’च्या २००२च्या रिमास्टर केलेल्या आवृत्तीतही दोन जादा गीते शेवटी जोडलेली आहेत, ती सँडी डेनीच्या आवाजातली आणि स्वतंत्रपणे ऐकण्याजोगी आहेत, पण ‘क्रेझी मॅन मायकल’च्या अखेरीस येणारी निःशब्दता त्यांनी हिरावून घेतली. शेवट हा रचनेचा सर्वांत नाजूक अवयव असतो आणि जादा रचना नेहमी शेवटीच जोडल्या जातात. कवितासंग्रहाच्या पुनरावृत्तीत असंगृहीत कविता घालताना संपादक निदान ‘परिशिष्ट’ असे शीर्षक देतो. ध्वनिमुद्रणाच्या बाजाराने ही साधी शिस्तही पाळलेली नाही. ध्वनीच्या स्वच्छतेबाबत या नव्या आवृत्त्यांना जे गुण मिळतील ते मिळोत. रचनेच्या दृष्टीने जुन्या तबकड्याच श्रेष्ठ आहेत.

‘शीळ’ची चिकित्सक आवृत्ती काढायची झाली तर तिचे स्वरूप काय असावे, याचा विचार या पार्श्वभूमीवर करता येतो. पाठचिकित्सेची परंपरा महाराष्ट्रात परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी आदिपर्वाचे संपादन पूर्ण केले ते १९३३मध्ये, म्हणजे ‘शीळ’ची तबकडी नवी होती त्याच सुमारास. शेकडो पोथ्यांतून एका मूळ पाठाकडे जाण्याची ती रीत होती. येथे तशी एका मुळाकडे जाण्याची सोय नाही. मुद्रिकेचा पाठ आणि ग्रंथाचा पाठ समोरासमोर ठेवून, प्रत्येकाचे स्वायत्त स्थान मानूनच काम करावे लागेल. मुद्रिकेचे लिप्यंतर कडव्यांच्या व ध्रुवपदाच्या प्रत्यक्ष क्रमाने व्हावे. कोठे अक्षर लांबवले आहे, कोठे शब्द दोनदा घेतला आहे, कोठे श्वास आहे, हे चिन्हांनी दाखवावे. उतरवताना वापरलेली प्रत, वेग आणि संस्कार यांची नोंद असावी. आणि संस्कारित ध्वनीबरोबर असंस्कारित ध्वनीही द्यावा. यातील काहीही आज अशक्य नाही.

हक्कांचा प्रश्न येथे आडवा येतो, पण तोही ऐकणाऱ्याला वाटतो तसा नाही. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रसिद्धीपासून मोजतात, आज ते साठ वर्षे आहे. तेव्हा १९३०च्या दशकाच्या आरंभीची ही मुद्रिका त्यातून केव्हाच मुक्त झाली आहे. साहित्यकृतीचे संरक्षण मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहते. ना. घ. २००० साली गेले. कवितेवरचा हक्क २०६०च्या अखेरीपर्यंत चालतो. आवाज सार्वजनिक झाला आहे आणि शब्द अजून खासगी आहेत. ज्या समीक्षेने आजवर शब्द तेवढे आपले आणि आवाज परका मानला, तिला हा कायदा नेमका उलटा व्यवहार करायला लावतो : चिकित्सक आवृत्तीची सुरुवात विनापरवाना करता येईल ती तबकडीपासून, आणि परवानगी मागावी लागेल ती ग्रंथासाठी.